ट्रॉम्सो की अबिस्को? ध्रुवीय प्रकाश प्रथमच कॅमेऱ्यात टिपणाऱ्यांसाठी

ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्रण पहिल्यांदा करू पाहणाऱ्यांचा विचार बहुधा दोन नावांशी येऊन अडतो: नॉर्वेतील ट्रॉम्सो आणि स्वीडनमधील अबिस्को. हा प्रकाश ज्या पट्ट्यात नेहमी दिसतो, त्याच्या खालीच ही दोन्ही गावे आहेत, त्यामुळे आकाश निरभ्र असेल तर मोठ्या सौरवादळाची वाट पाहावी लागत नाही. मी वेगवेगळ्या हिवाळ्यांत ट्रॉम्सोला तीन आणि अबिस्कोला चार रात्री काढल्या. एवढ्यावरून हवामानाचे अनुमान काढता येणार नाही, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

ट्रॉम्सोच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. विमानतळ शहरालगत आहे, समुद्रामुळे थंडी सोसवते आणि चौकटीत घ्यायला फ्योर्ड (डोंगरांमध्ये आत शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे), होड्या, डोंगर असे बरेच काही मिळते. किनाऱ्यावर ढग दाटले की सहलीच्या बसगाड्या स्किबॉट्नकडे, कधी थेट फिनलंडमधील किल्पिस्यार्वीपर्यंत निरभ्र आकाश शोधत जातात. अबिस्कोत अशी सोय मला तरी मिळाली नाही. तिथे पश्चिमेचे डोंगर अटलांटिकवरून येणारे बाष्प अडवतात, म्हणजे सह्याद्रीपलीकडे माणदेश कोरडा राहतो तसाच प्रकार, म्हणून आकाश पुष्कळदा मोकळे असते. तरीही माझी एक रात्र पूर्ण ढगाळ गेली आणि खोलीत बसून राहण्यापलीकडे काही करता आले नाही.

माझा कौल अबिस्कोच्या बाजूने ठरला तो भिंगावर धरणाऱ्या बाष्पामुळे. ट्रॉम्सोची बसची सहल म्हणजे रात्रभर चढउतार. बाहेर गारठलेला कॅमेरा घेऊन आपण उबदार बसमध्ये शिरतो, इतक्या माणसांच्या श्वासांनी दमट झालेली हवा थंड काचेवर क्षणात धुके धरते आणि पुढच्या थांब्यावर उतरताच त्याचा बर्फाचा पातळ थर होतो. तो पुसताना फोकसची कडी हलते. मग पुन्हा एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून, तो टाचणीच्या टोकाएवढा दिसेपर्यंत कडी फिरवत बसायचे. सरावलेल्या हाताला हे दोन मिनिटांचे काम असेल, मला दहा मिनिटे लागत होती, आणि तेवढ्यात शेजाऱ्याच्या कपाळावरचा दिवा डोळ्यांवर आला की पुढचा काही वेळ काहीच दिसत नसे. दुसऱ्या रात्री सर्वांत तेजस्वी पट्टा डोक्यावरून लहरत गेला, तेव्हा मी काच पुसत होतो. कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करून मगच बसमध्ये न्यावा, हे मला उशिरा समजले. परंतु दर थांब्याला ते करणेही काही सुखाचे नाही.

अबिस्कोत निवासातून चालतच तोर्नेत्रेस्क सरोवराच्या काठी जाता येते. तिथे मी संध्याकाळी एकदाच फोकस जुळवला, कडीवर चिकटपट्टी लावली आणि कॅमेरा रात्रभर थंडच राहू दिला. ऊब घ्यायला मी आत जाई, तो ट्रायपॉडसकट पडवीतच राही. एकाच जागी तासन्‌तास उभे राहिल्यामुळे मंद प्रकाशाला शटर 10 सेकंद उघडे ठेवायचे, आणि प्रकाशाचे पडदे नाचू लागले की 2-3 सेकंद, हा अदमास दुसऱ्याच रात्री येऊ लागला. त्याची किंमत मात्र थंडी वसूल करते: उणे 24 अंशांत बॅटरी पाहता पाहता मान टाकते, म्हणून दोन जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवाव्या लागतात.

हाताशी दोनच रात्री असतील, किंवा सोबतच्यांना छायाचित्रणात रस नसेल, तर ट्रॉम्सो निवडणे शहाणपणाचे ठरावे. आठवडा मोकळा असेल तर अबिस्कोहून रेल्वेने नार्विक आणि तेथून बसने ट्रॉम्सो, असे दोन्ही जमते. क्रम मात्र हाच ठेवावा, असे मी सुचवेन. म्हणजे सहलीच्या बसमध्ये चढेपर्यंत अंधारात ती कडी कशी फिरवायची हे बोटांना ठाऊक झालेले असेल.