खामोशी (१९६९): एका सिस्टरच्या नजरेतून

वहिदा रेहमानसाठी बघाच. एवढं लिहून थांबले असते, पण परळच्या एका इस्पितळात मानसोपचार वॉर्डात नोकरी केलीय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

असित सेन यांनी आपलाच बंगाली सिनेमा दहा वर्षांनी हिंदीत केला. प्रेमभंगानं खचलेल्या पेशंटला विजेचे झटके द्यायचे नाहीत, नर्सनं प्रेमाचं नाटक करून बरं करायचं, असा सिनेमातल्या डॉक्टर कर्नलसाहेबांचा प्रयोग. नर्स राधा (वहिदा) पेशंट देवसाठी (धर्मेंद्र) ते करते आणि खरंच गुंतते. तरी पुढचा पेशंट अरुण (राजेश खन्ना) याच्या वेळी पुन्हा तिलाच उभं करतात! आमच्या वॉर्डात कोणी असं सुचवलं असतं तर मेट्रनबाईंनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं असतं. उपचार म्हणून हे साफ खोटं. पण नर्सचं मन कुणी विचारत नाही, हे अगदी खरं. बाईनं माया करायची, तो तिचा स्वभावच. त्याचा थकवा कसला? शेवटी राधाच त्या वॉर्डात दाखल होते, तेव्हा वहिदाचा चेहरा बघा. ओरडाआरडा फारसा नाही, तरी अंगावर येतं.

कमल बोस यांचा कॅमेरा कृष्णधवल, आणि काय सुंदर! ‘तुम पुकार लो’मध्ये धर्मेंद्र बहुतेक पाठमोराच, हेमंतकुमारांचा आवाज पुरतो. राजेश खन्ना ठीक. वॉर्डातले विनोदी पेशंट मात्र मला खटकले.

घरच्यांसोबत बघितलात तर ‘वेडी झाली बिचारी’ ऐकायची तयारी ठेवा. आमच्या चाळीत अजून तोच शब्द चालतो, आणि लग्नाच्या बोलणीत असा आजार लपवतात तो लपवतातच.