भर दुपारी अंधार देणारा आय मास्क: सात महिन्यांनंतर

अकरा वर्षं पॅसेंजर विमानं उडवली, तेव्हा आय मास्क कधी लागला नाही. कार्गोत, म्हणजे मालवाहू विमानांवर, आले आणि दुसऱ्याच आठवड्यात शोधायला लागले.

पॅसेंजरमधली दमणूक वेगळी. दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, मधे पाऊण तासात विमान पुन्हा निघायला तयार. उशीर झाला की माइकवर दिलगिरी, कुणाच्या छातीत दुखलं की जवळचा विमानतळ गाठायचा. पण बहुतेक रात्री मी रात्रीच झोपायचे. कार्गोत दिवसभर गोळा झालेला माल रात्री हबवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य विमानतळावर, येतो, तिथे त्याची विभागणी होते आणि पहाटेपर्यंत तो पुढच्या शहरात पोचवायचा असतो. पहाटे २ ते ६ ही शरीराची सर्वांत गाढ झोपेची वेळ, आणि मी तेव्हा अप्रोचच्या, म्हणजे विमान उतरवण्याच्या, तयारीत असते. हॉटेलच्या पलंगावर पाठ टेकते तोवर पडद्याच्या फटीतून ऊन आत आलेलं असतं.

आधीचा मास्क सपाट कापडाचा होता, नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेड शिरायचा. याला डोळ्यांच्या जागी खोलगट वाट्या आहेत आणि नाकाशी फोमची मऊ जीभ. पापण्यांना काही टेकत नाही, आतल्या आत डोळे उघडता येतात आणि उघडले तरी काळोखच. पूर्वी दिवसा चार तासांत जाग यायची, आता सलग सहा तास झोप होते. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

तक्रारी दोन. कुशीवर झोपलं की वाटीची कड गालात रुतते. आणि वेल्क्रोत केस अडकतात, म्हणून मी आता वेणी घालूनच झोपते.

खरी परीक्षा बंकमध्ये, म्हणजे विमानातल्या झोपायच्या फळीवर. आमच्या बोइंग ७४७ फ्रेटरला (मालवाहू विमानाला) कॉकपिटच्या मागे, वरच्याच मजल्यावर बंक आहेत. लांबच्या उड्डाणात आळीपाळीने झोपतो. तिथे मी एकच गोष्ट पाहिली: मास्क एका हाताने, एका झटक्यात निघतो का? पॅसेंजरमध्ये केबिनमध्ये धूर दिसला तर अग्निशामक घेऊन धावणारे केबिन क्रू होते. इथे मेन डेकवर, म्हणजे माल ठेवायच्या मुख्य मजल्यावर, आग लागली तर तिथे जाऊन विझवायला कुणी नाही. मालाच्या भागातला हवेचा दाब उतरवून आगीचा ऑक्सिजन तोडायचा आणि आपण ऑक्सिजन मास्क चढवून विमान खाली न्यायचं. २०१० साली दुबईत असंच एक ७४७ फ्रेटर कोसळलं, त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. बंकमधून उठताना डोळ्यांवरची पट्टी सोडवत बसायला वेळ नसतो. हा मास्क कपाळावर सरकवला तरी काम होतं.

दुपारच्या झोपेचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. अमेरिकेत २०१४ पासून पॅसेंजर पायलटांना ड्यूटीआधी १० तास विश्रांती आणि त्यात सलग ८ तास झोपेची संधी मिळते. कार्गोला त्या नियमातून वगळलं. त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २०१३ मध्ये, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला पहाटेच्या अंधारात एक ए३०० मालवाहू विमान उतरताना कोसळलं आणि दोन्ही पायलट गेले. तपासात थकव्याचाही उल्लेख आहे. ते वाचल्यापासून मला हा भेद मान्य होत नाही.

तरी मी कार्गो सोडणार नाही. मागे मेन डेकवर घोडे असले की चढण हलकी, ब्रेक हलके, आणि त्यांना सांभाळणारे लोक वर येऊन सांगतात की सगळे शांत उभे आहेत. ते समाधान मला फार मोठं वाटतं.

मास्क कोमट पाण्यात हातानेच धुवा, मशिनमध्ये वाट्या चेपतात. माझं इलॅस्टिक आता ढिलं पडलंय. तोच पुन्हा मागवलाय, या वेळी दोन. एक फ्लाइट बॅगेत, एक घरच्या उशीखाली.