रेझिन प्रिंटर घरात कुठे ठेवावा : खोली, बाल्कनी, गॅरेज की बाथरूम?

रेझिन प्रिंटर, म्हणजे टाकीतलं द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करून वस्तू घडवणारा थ्रीडी प्रिंटर, घ्यायचं मनात आलं की बहुतेकांचा सगळा वेळ मॉडेलं पारखण्यात जातो. स्क्रीन किती सूक्ष्म, बिल्ड प्लेट (जिला चिकटून वस्तू घडते ती पाटी) केवढी, वेग किती. जागेचा विचार खोकं घरात आल्यावर सुरू होतो, आणि मग प्रिंटर जिथे रिकामं टेबल दिसेल तिथे बसतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी जागा नक्की करा आणि त्या जागेत मावेल, चालेल असं मशीन त्यानंतर शोधा. एखाद्या घरात उत्तर ‘इथे रेझिन नकोच’ असंही येऊ शकतं, आणि ते खरेदीच्या आधी कळलेलं बरं.

फिलामेंटचा, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थर रचणारा प्रिंटर आणि हा यांत फरक आहे तो टाकीतल्या द्रवाचा. रेझिन म्हणजे मुख्यतः ॲक्रिलेट वर्गातल्या रसायनांचं मिश्रण. साधारण ४०५ नॅनोमीटर लांबीच्या जांभळ्या प्रकाशाने ते घट्ट होतं. घट्ट होईपर्यंत ते त्रासदायकच. छपाई चालू असताना, झाकण उघडल्यावर, प्रिंट धुताना त्यातून वाफा निघत राहतात. कातडीला वारंवार लागलं तर ॲलर्जी जडू शकते, आणि ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. मग थोडासा स्पर्शही पुरळ उठवायला पुरतो. वासावर विसंबू नका. ‘कमी वासाचं’ किंवा ‘वनस्पतिजन्य’ असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी वाफा निघतातच, आणि नाकाला तर अर्ध्या तासात वासाची सवय होते.

म्हणून जागा तोलताना मी पहिला प्रश्न विचारतो : इथली हवा कुठे जाते? तापमान, ऊन आणि कामाची सोय यांचा विचार त्यानंतर. पहिल्या प्रश्नाला ‘घरातच फिरते’ असं उत्तर आलं, तर बाकीचे विचारायची गरज नाही.

बेडरूम आणि स्वयंपाकघर

ही दोन्ही लगेच बाद. रेझिनची छपाई सहा-आठ तास सहज चालते आणि लोक ती रात्रीच लावतात, म्हणजे झोपेतले सगळे तास त्याच हवेत. एसी आहे ना, असं कुणी म्हणतं. पण घरातला स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेर काढत नाही. एअर प्युरिफायरमधला हेपा फिल्टर धूळ अडवतो, वाफा अडवत नाही. वाफांसाठी सक्रिय कार्बन लागतो. काही प्रिंटरांत त्याची छोटी डबी असते, पण एवढासा कार्बन लवकर भरतो आणि भरल्याचं बाहेरून कळत नाही. त्यामुळे त्याला जोड म्हणून ठेवा, त्याच्या भरवशावर खोली निवडू नका. स्वयंपाकघरात या सगळ्यावर अन्न, भांडी आणि शेगडीची ज्योत यांची भर पडते.

वेगळी खोली : मेहनत जास्त, निकाल सगळ्यांत भरवशाचा

अभ्यासाची किंवा पाहुण्यांची खोली, जिला बंद होणारं दार आणि बाहेर उघडणारी खिडकी आहे, ती माझ्या यादीत पहिली. कारण तापमान. बहुतेक साधी रेझिन २० ते ३० अंश सेल्सियसमध्ये नीट वागतात. २० च्या खाली ती दाट होतात, थर उचलताना टाकीचा तळ असलेल्या पातळ पारदर्शक फिल्मवर ताण येतो, आधाराच्या काड्या तुटतात, प्रिंट प्लेटवरून सुटून तळाशी चिकटतं. चार भिंतींच्या आत हे त्रास कमी होतात, कारण दिवस-रात्रीचा फरक तिथे फारसा पोचत नाही.

पण नुसती खिडकी उघडी ठेवणं म्हणजे हवा बाहेर काढणं नव्हे. वारा उलटा आला की त्याच खिडकीतून वाफा घरभर होतात. नीट काम करते ती जोडणी अशी : प्रिंटर एका बंद कपाटात किंवा रोपं वाढवायच्या तंबूत ठेवायचा, त्याला १०० मिलिमीटर व्यासाची लवचिक नळी जोडायची, आणि नळीचं दुसरं तोंड खिडकीत बसवलेल्या फळीतून बाहेर काढायचं. पंखा प्रिंटरजवळ न लावता खिडकीच्या टोकाला लावा. असं केल्याने संपूर्ण नळीत ओढ राहते. नळीला कुठे फट असली तरी खोलीतली हवा आत ओढली जाते, आतली वाफ खोलीत सुटत नाही. पंखा प्रिंटरजवळ असेल तर नेमकं उलट घडतं. पंख्याचा वेग फार नको. कपाटाच्या फटीतून हवा हलकेच आत जात राहील एवढा पुरे. जास्त जोराने ओढलं तर थंडीत रेझिन गार पडतं. आणि जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला दाराखाली फट हवी, नाहीतर पंखा नुसता फिरत राहतो. बाहेरचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे वळणार नाही हेही पाहाच. आपल्या घरातली वाफ दुसऱ्याच्या घरात पाठवणं हा उपाय नव्हे.

खिडकीत फळी बसवायला घरमालकाची परवानगी लागत असेल, तर सरकत्या खिडकीच्या फटीत अडकवायची काढघाल करता येणारी पट्टी चालते. भिंतीला भोक पाडावंच लागतं असं नाही.

बाल्कनी : हवेचा प्रश्न सुटतो, प्रकाशाचा उभा राहतो

वेगळ्या खोलीच्या तुलनेत बाल्कनीचा मोठा फायदा म्हणजे वाफा आपोआप पांगतात. नळी नको, पंखा नको. पण ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश उन्हात भरपूर असतो, आणि खिडकीची काच त्याला अडवत नाही. काच मुख्यतः त्याहून आखूड लांबीचे अतिनील किरण रोखते. प्रिंटरचं नारिंगी किंवा लाल झाकण टाकीला जपतं, पण प्रिंट काढायला झाकण उचललं की टाकी उघडी पडते. समोरच्या भिंतीवरून परतणारा उजेडही हळूहळू रेझिनवर साय आणतो. म्हणून बाल्कनीत प्रिंटर ठेवायचा तर अपारदर्शक दारांचं कपाट हवं आणि काम सावलीच्या वेळी करायला हवं.

उघडी बाल्कनी आणि काचेने बंद केलेली बाल्कनी या दोन अगदी निराळ्या जागा आहेत. उघडीत धूळ, पावसाचे शिंतोडे आणि रात्रीचा गारवा. बंद केलेलीत दुपारी तापमान घरापेक्षा कितीतरी वर जातं, आणि काचा लावलेल्या असल्या तर हवाही कोंडते, म्हणजे जो एकमेव फायदा होता तोच जातो. थंडीवर उपाय आहे : टाकीभोवती गुंडाळायचा गरम पट्टा किंवा कपाटात बसवायचा छोटा, तापमान मोजून चालू-बंद होणारा हीटर. उकाड्यावर असा सोपा उपाय नाही. त्यामुळे दिवसभर ऊन खाणारी बाल्कनी असेल तर मी तिच्यापेक्षा आतली खोली निवडेन.

बाल्कनीत कपडे वाळत घालत असाल तर प्रिंटर तिथे नको. दोन्ही कामं एका जागेत बसत नाहीत. आणि बाल्कनीचं दार दिवाणखान्यात उघडत असेल तर छपाई चालू असताना ते बंद ठेवायला घरातले सगळे तयार आहेत का, हे आधीच विचारून घ्या.

बाथरूम की गॅरेज?

वरवर पाहता बाथरूम आदर्श वाटतं. पुसायला सोप्या फरशा, एक्झॉस्ट पंखा, बंद होणारं दार, पाणी हाताशी. तरीही मी ते सुचवत नाही. तिथे माणसं उघड्या पायांनी वावरतात, टॉवेल आणि ब्रश असतात. हवा दमट असते. जागा लहान असते आणि बऱ्याचदा तिथेच गॅसचा गीझर असतो. प्रिंट धुवायला जे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात त्याचा प्रज्वलनांक सुमारे १२ अंश आहे, म्हणजे नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. लहान खोली, खाली साचलेली वाफ आणि ज्योत यांची सांगड घालू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे समोर दिसणारी मोरी. ‘पाण्याने धुता येणारं’ रेझिन घेतलं तरी धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं; त्यात न घट्ट झालेलं रेझिन असतं आणि ते जलचरांना घातक आहे. ते पाणी पारदर्शक भांड्यात उन्हात ठेवून रेझिन घट्ट होऊ द्यायचं, गाळायचं, आणि उरलेलं रासायनिक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे द्यायचं. हात मोरीपासून जितका लांब, तितकं हे पाळलं जातं.

गॅरेज किंवा घरापासून सुटी खोली याबाबतीत सरस. माणसं तिथे झोपत नाहीत, टेबल मोठं मावतं, सांडलं तर जमीन पुसता येते. उणिवा म्हणजे गारवा, धूळ आणि आगीची ठिकाणं : पाणी तापवायचं यंत्र, वेल्डिंग, ग्राइंडर. ती त्याच छताखाली असतील तर अल्कोहोलचा डबा घट्ट झाकून वेगळ्या जागी ठेवा. गॅरेज घराला चिकटून असेल तर मधल्या दाराच्या फटी बुजवा. खोली गरम करायला उघड्या तारेचा हीटर मुळीच नको. माळा किंवा गच्चीवरची पत्र्याची खोली मात्र गॅरेजसारखी समजू नका. उकाडाच तिला बाद करतो.

टेबलाचं माप प्रिंटरवरून घेऊ नका

सगळ्या जागांची तुलना करताना लोक प्रिंटरचा तळ मोजतात आणि फसतात. काम फक्त प्रिंटरवर होत नाही. ओलं प्रिंट काढायचं, धुवायचं, वाळवायचं, प्रकाशात पक्कं करायचं. या चारही पायऱ्या हात लांब केल्यावर पोचतील अशा असाव्यात. प्रिंटर बाल्कनीत आणि धुण्याचा डबा न्हाणीत असेल, तर प्रत्येक वेळी रेझिन ठिबकत घरातून फेरी होते. त्यापेक्षा साधारण सव्वा मीटर लांबीचं, न हलणारं, समपातळीतलं टेबल एकाच ठिकाणी असलेलं बरं. वर उचलायचं झाकण असेल तर प्रिंटरच्या जवळजवळ दुप्पट उंची मोकळी लागते; वरच्या फळीला झाकण अडलं की टाकी हलते. प्रिंटरखाली कडा असलेला ट्रे ठेवा. फिल्मला भोक पडलं तर टाकीतलं सगळं रेझिन खाली येतं. नायट्राइलचे हातमोजे आणि पुसायचे कागद त्याच टेबलावर हवेत, कपाटात नाही.

घरात लहान मुलं, पक्षी किंवा माशांची टाकी असेल तर कुलूप लागणारी जागाच विचारात घ्या. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवर छापील वस्तूंचा परिणाम तपासला होता. रेझिनच्या वस्तू फिलामेंटच्या वस्तूंपेक्षा जास्त घातक ठरल्या आणि अतिनील प्रकाशात ठेवल्यावर त्यांचा विषारीपणा कमी झाला. तिथे वस्तू घट्ट झालेल्या होत्या. ओल्या रेझिनबद्दल किती सावध असायला हवं ते यावरून समजावं.

एकच खोली आहे, तिथेच झोपता आणि जेवता, खिडकीही एकच? तर माझं स्पष्ट मत : रेझिन प्रिंटर घेऊ नका. फिलामेंट प्रिंटर घ्या, किंवा फाइल तयार करून छपाई बाहेरून करवून घ्या. बारीक काम हवं म्हणून रोजच्या श्वासाची तडजोड करण्यासारखं यात काही नाही.

जागा ठरत आली असेल तर पैसे देण्याआधी एक तपासणी करा. खोलीत एक्झॉस्ट पंखा नसेल तर कुणाकडून तरी एक मागून खिडकीत बसवा, चालू करा आणि बाकी खिडक्या लावा. दार बोटभर उघडं ठेवून त्या फटीत पातळ कागदाची पट्टी बाहेरच्या बाजूने धरा. पट्टी खोलीच्या आत ओढली गेली तर हवा घरातून खोलीत आणि खोलीतून बाहेर जाते आहे. इथे प्रिंटर बसवता येईल. पट्टी तुमच्याकडे फडफडली किंवा नुसती लोंबत राहिली तर पंख्याची जागा बदला. वारं असलेल्या दिवशी हीच तपासणी पुन्हा करा, कारण शांत हवेत आत ओढली जाणारी पट्टी समोरून वारा आला की उलटी फिरू शकते, आणि छपाई वाऱ्याची दिशा पाहून थांबत नाही.