‘द स्टार-टच्ड क्वीन’ घ्यावी की ‘एम्पायर ऑफ सँड’?

इंदूरच्या आमच्या मराठी वाचनगटात पावसाळ्यासाठी एकच इंग्रजी कादंबरी मागवायचं ठरलंय आणि मतं दोन पुस्तकांत अडकलीत. रोशनी चोक्षींची ‘द स्टार-टच्ड क्वीन’ (2016) आणि ताशा सूरींची ‘एम्पायर ऑफ सँड’ (2018). दोघींच्या या पहिल्याच कादंबऱ्या, दोन्हींत राजकारणापायी लग्न, दोन्हींची मुळं आपल्याकडच्या कथांत.

चोक्षींचं कथाबीज ऐकूनच मोह होतो. राजकन्या मायाच्या पत्रिकेत मृत्यूशी लग्न लिहिलेलं. इथे माळव्यात शेजारच्या हिंदी घरांत वटसावित्री अमावास्येला, आपल्याकडे पंधरा दिवसांनी पौर्णिमेला. यमाची गोष्ट वर्षातून दोनदा कानावर पडते. त्यामुळे अमर नावाचा तो गूढ नवरा कोण, हे आपण पटकन ओळखतो. त्याचं काही नाही. पण त्याच्या अकरन राज्यात माणसांची आयुष्यं विणलेला एक पट आहे आणि कुठला धागा ओढायचा हे मायाने ठरवायचंय. काय कल्पना आहे! यावर खुशाल शंभर पानं खर्च करावीत. लेखिकेचं लक्ष मात्र अमरच्या नजरेत आणि आवाजात. धड ओळख व्हायच्या आत माया त्याच्यात बुडालेली. पुढे पूर्वजन्मीचं नातं पुढे केलं जातं, पण तो जन्म त्यांनी जगलेला, आपण नाही. मग ओढ आपल्याला कशी वाटावी? उत्तरार्धात कमला नावाची नरभक्षक, तोंडाळ घोडी येते तेव्हा कुठे पुस्तकात जीव येतो. मायाची तिच्याशी होणारी नोकझोक मला त्या प्रेमापेक्षा खरी वाटली.

सूरींचं जग मुघलाई वळणाचं. सुभेदाराची मुलगी मेहेर आईकडून अम्रिथी, म्हणजे ‘दैव’ म्हणवणाऱ्या शक्तींच्या वंशातली. या लोकांना दिलेलं वचन मोडताच येत नाही, म्हणून ते लग्नाच्या शपथा घेतच नाहीत. साम्राज्याचा धर्मगुरू, महा, नेमकं हेच हेरून तिचं लग्न अमूनशी लावतो. निद्रिस्त देवांची स्वप्नं नृत्याने वळवायची आणि साम्राज्याची भरभराट टिकवायची, हे या जोडप्याचं काम. इथे प्रेमाला पुराणातल्या नियमांतूनच वाट काढावी लागते: महाशी शपथेने बांधलेला अमून त्याच्या आज्ञेच्या शब्दांतली फट शोधतो, मेहेरला मुदत मिळवून देतो. त्यामुळे विश्वास बसायला निम्मं पुस्तक लागलं तरी तो पटतो. मधला महाच्या मठातला भाग रेंगाळतो, हे खरं.

माझं मत सूरींना. घरात चौदा-पंधराची वाचणारी मुलगी असेल तर मात्र चोक्षी द्या. सूरींकडची सक्ती आणि छळ त्या वयाला जड जाईल. सूरींचं पुढचं ‘रेल्म ऑफ अ‍ॅश’ (2019) मेहेरच्या बहिणीचं, अर्वाचं आहे. ते लगेच मागवायची गरज नाही. मेहेरची गोष्ट पहिल्याच पुस्तकात पुरी होते.