एकच तेल, दोघांना वेगळं लागू पडलेलं: दुखण्यासाठी औषधी गांजा, आठ महिन्यांनंतर

आधी नवऱ्याचं सांगते, कारण त्याला आलेला गुण बघूनच मी हे तेल सुरू केलं. आम्ही कॅनडात, ओंटारिओत राहतो. इथे औषधी गांजाला २००१ पासून परवानगी आहे. डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर लिहून देतात आणि परवानाधारक विक्रेत्याकडून बाटली घरपोच येते. नवऱ्याचे दोन्ही गुडघे झिजलेत. एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि १० मिलिग्रॅम सीबीडी (नशा न आणणारा घटक) असं तेल तो रात्री अर्धा मिलिलिटर घेतो. तिसऱ्या आठवड्यात तो धुतलेल्या कपड्यांची टोपली दोन्ही हातांत धरून, कठड्याला न टेकता तळघरातून वर आला. मी जिन्याच्या वर उभी राहून बघत होते. डोळे भरून आले.

माझी कंबरदुखी अकरा वर्षांची. ठणका डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरतो. त्याच दवाखान्यात गेले, तोच छापील कागद मिळाला, तोच अर्धा मिलिलिटर. वय विचारलं, वजन विचारलं, पाळीबद्दल एक शब्द नाही. पहिल्या रात्री तासभर काहीच जाणवलं नाही म्हणून आडवी झाले. आणखी तासाभराने छातीत धडधड, तोंडाला कोरड, भिंतीला धरून बाथरूम गाठलं. कंबर मात्र तशीच ठणकत होती. मला वाटलं, हे आपल्यासाठी नाही.

मग वाचायला लागले. कोलंबिया विद्यापीठात झीवा कूपर आणि मार्गारेट हॅनी यांनी केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नियमित गांजा ओढणारे २१ पुरुष आणि २१ स्त्रिया घेतल्या, गांजा ओढल्यावर त्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला सांगितला. पुरुषांची वेदना चांगलीच कमी झाली, बायकांना फारसा फरक पडला नाही. नशा मात्र दोघांना सारखीच चढली. हे वाचून मी बाटली बाजूला ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली. त्या रात्री माझं नेमकं हेच झालं होतं! अर्थात ती वेदना काही मिनिटांची आणि गांजा ओढलेला. अकरा वर्षांच्या दुखण्याला ते जसंच्या तसं लावता येत नाही.

उंदरांवरचे प्रयोग तर उलटंच सांगतात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या रिबेका क्राफ्ट यांना असं दिसलं की मादीला टीएचसी जास्त लागू पडतं, विशेषतः अंडं सुटण्याच्या सुमारास, पण तिला त्याची सवयही लवकर होते.

नर्सशी बोलून मी ०.१ मिलिलिटरपासून पुन्हा सुरुवात केली, म्हणजे टीएचसी फक्त १ मिलिग्रॅम. जेवणानंतर, रोज एकाच वेळी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत दोनच गोष्टी लिहायचे: किती घेतलं आणि दुखणं दहापैकी किती. पाळी आली की लाल टिंब. महिन्याभराने ०.२५ वर आले आणि तिथेच थांबले. धडधड पुन्हा झाली नाही. रात्री पाच-सहा तास सलग झोप लागायला लागली. ती गेली कित्येक वर्षं नव्हती. दुखणं सातावरून पाचावर आलं. नवऱ्याचं सातावरून तिनावर.

चौथ्या महिन्यात गुण ओसरायला लागला, आकडा परत सहावर. नवरा म्हणाला, "थोडं वाढव ना." त्याने स्वतः आठ महिन्यांत थेंबही वाढवलेला नाही. नर्सने मात्र वाढवण्याऐवजी चार दिवस बंद ठेवायला सांगितलं, आणि नंतर तेवढ्याच तेलाने पुन्हा पाच आला. आता दर सहा आठवड्यांनी असं करते. कालनिर्णयची पानं समोर पसरल्यावर आणखी एक दिसलं: लाल टिंबाच्या आधीच्या चार-पाच दिवसांत तेलाचा उपयोग जवळजवळ होत नाही. सहा महिन्यांपैकी पाच महिन्यांत तसंच. आता त्या दिवसांत मी शेक आणि फिजिओथेरपीचे व्यायाम यांवरच भर देते, डोस वाढवत नाही.

पुण्याला जाताना मात्र बाटली इथेच राहते. कॅनडाच्या सीमेपार गांजा नेणं गुन्हा आहे, डॉक्टरांचा कागद असला तरी, आणि भारतात एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आहे. मागच्या खेपेला आईकडे तीन आठवडे तेलाविना काढले, पहिल्या चार रात्री झोप नीट लागली नाही.

पुढच्या भेटीला मी कालनिर्णयची ही पानं नर्सकडे नेणार आहे. आणि त्या छापील कागदात पाळी, रजोनिवृत्तीबद्दल एक ओळ घाला, असं लिहून देणार आहे.