क्योसेरा इकोसिस एम२०४०डीएन: मशीन दणकट, पण जोडणी उभं राहून करून घ्या

चार ते दहा कॉम्प्युटरचं ऑफिस, कागद ए४ किंवा लीगल, रंगीत छपाईची गरज नाही. अशा ठिकाणी प्रिंट, कॉपी आणि स्कॅन करणारं हे मशीन बिनधास्त घ्यावं. वकिलाचं ऑफिस, सीए, पतसंस्था, शाळेचं कार्यालय, सेतू केंद्र या सगळ्यांना ते पुरून उरतं. मिनिटाला ४० पानं निघतात आणि पाठपोट छपाई आपोआप होते. फीडरमध्ये, म्हणजे स्कॅन-कॉपीसाठी कागद एकेक आत ओढणाऱ्या वरच्या भागात, ५० कागद बसतात, खालच्या ट्रेमध्ये २५० आणि समोर उघडणाऱ्या ट्रेमध्ये १००. टोनर (शाईची पूड) आणि ड्रम (ती कागदावर उमटवणारा रूळ) वेगवेगळे असल्याने टोनर संपला म्हणून ड्रम फेकावा लागत नाही. टोनर ७,२०० पानांचा आणि ड्रम १ लाख पानांचा आहे. मशीनसोबत येणारा पहिला टोनर मात्र ३,६०० पानांचाच असतो, त्यामुळे तो लवकर संपला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. टोनरचे हे आकडे पानाचा ५ टक्के भाग काळा होतो असं धरून काढलेले आहेत. रकाने, शिक्के आणि फोटो असलेल्या कागदपत्रांवर त्याहून बराच जास्त टोनर जातो.

या मशीनबद्दल ऐकू येणाऱ्या बहुतेक तक्रारी मशीनच्या नसतातच, त्या घाईत उरकलेल्या जोडणीच्या असतात. इंजिनिअर येतो, एका कॉम्प्युटरवरून टेस्ट पेज काढतो आणि सही घेऊन निघतो. पंधरा दिवसांनी प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसायला लागतो.

याचं पहिलं कारण आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर मशीन ज्या आकड्याने ओळखलं जातं तो. मशीनमध्ये वायफाय नाही, लॅनची वायर राउटर किंवा स्विचपर्यंत न्यावी लागते. वायर जोडली की राउटर मशीनला जो पत्ता मोकळा असेल तो देऊन टाकतो. लाइट जाऊन आली की तोच पत्ता मिळेल याची खात्री नसते, आणि आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. म्हणून मशीनचा मॅक पत्ता (कारखान्यातून आलेला ओळखक्रमांक) राउटरमध्ये नोंदवून एक आयपी त्याच्या नावावर राखून ठेवा. ही पद्धत मशीनमध्ये हाताने पत्ता टाकण्यापेक्षा बरी. हातानेच टाकायचा असेल तर राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा निवडा, नाहीतर तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही मिळतो आणि दोघांची टक्कर होते.

इंटरनेट कंपनी बदलताना हा मुद्दा हमखास विसरला जातो. जुना राउटर १९२.१६८.१ च्या मालिकेत पत्ते देत असेल आणि नवीन जिओफायबरचा असेल, तर तो १९२.१६८.२९ ची मालिका धरतो. हाताने पत्ता टाकलेला प्रिंटर त्या दिवशी सगळ्या कॉम्प्युटरवरून एकदम गायब होतो. मशीन बिघडलेलं नसतं, पत्ता नव्या मालिकेतला देऊन तोच प्रत्येक कॉम्प्युटरच्या प्रिंटर सेटिंगमध्येही टाकावा लागतो. पॅनेलवर त्यासाठी लॉगिन विचारलं तर कारखान्यातून आलेलं नाव ४००० आणि पासवर्डही ४००० असतो. ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाकला की कमांड सेंटर आरएक्स हे मशीनच्या सेटिंगचं पान उघडतं. तिथे नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’, इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं. ब्राउझर सुरक्षेचा इशारा देतो, पण ते मशीनच्या स्वतःच्या प्रमाणपत्रामुळे होतं, पुढे जायला हरकत नाही. पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदला. अशिलांचे आणि खातेदारांचे कागद या मशीनमधून जाणार आहेत.

विंडोजला प्रिंटर आपोआप शोधू दिला तर ते बऱ्याचदा डब्ल्यूएसडी पोर्ट (आपोआप शोधाशोधीवर चालणारी जोडणी) लावतं, आणि मशीन झोपेत गेलं की त्यावर ‘ऑफलाइन’ची कटकट सुरू होते. प्रत्येक कॉम्प्युटरवर क्योसेराचा केएक्स ड्रायव्हर टाकून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट हाताने बनवा, पोर्ट क्रमांक ९१००. तरीही ऑफलाइन दाखवलं तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (मशीन चालू आहे का ते विचारत राहण्याची) खूण काढा. कागदाचा आकारही इथेच ए४ करून घ्या. वर्डची फाइल लेटर आकारात असेल तर मशीन तसा कागद मागत थांबून राहतं आणि मागे सगळ्यांची छपाई अडकते. लीगल कागद घालताना ट्रे मागे ओढून वाढवावा लागतो आणि पॅनेलवर आकार बदलावा लागतो. रोजचा ए४ ट्रेमध्येच राहू द्या, लीगल समोरच्या ट्रेमधून काढा, म्हणजे ही उठाठेव वाचते.

मराठी छपाईत अक्षरं फुटली, वेलांटी सरकली किंवा चौकोन उमटले तर दोष बहुतेक वेळा मशीनच्या फॉन्टचा असतो. ड्रायव्हरमध्ये फॉन्टच्या सेटिंगमध्ये जाऊन मशीनमधले फॉन्ट बंद करा आणि फॉन्ट कॉम्प्युटरवरून पाठवायला लावा. पीडीएफ असेल तर अॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंटच्या खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडा. छपाई थोडी मंदावते, अक्षर मात्र जसंच्या तसं येतं.

आता स्कॅन. मशीनचं खरं मोल इथे आहे आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच. थेट शेअर फोल्डरमध्ये स्कॅन पाठवायचं तर ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याच्यावर ‘स्कॅन’ नावाचा वेगळा लोकल युजर बनवा आणि त्याला पासवर्ड द्या. बिनपासवर्डचा युजर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही आणि लॉगिनचा चार आकडी पिन इथे चालत नाही. फोल्डरला शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये, दोन्हीकडे या युजरला लिहिण्याची परवानगी हवी. एकीकडेच दिली की काम अडतं. त्या कॉम्प्युटरच्या विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवा. मशीनच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये होस्टच्या जागी त्या कॉम्प्युटरचा आयपी, पोर्ट ४४५, आणि पाथमध्ये फक्त शेअरचं नाव, आधी तिरप्या रेघा नकोत. म्हणजे त्या कॉम्प्युटरचाही आयपी पक्का असायला हवा.

स्कॅन गेलं नाही तर मशीन जो आकडा दाखवतं तो लिहून घ्या, अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका. ११०१ म्हणजे कॉम्प्युटरच सापडत नाही: आयपी, वायर, फायरवॉल बघा. ११०२ म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकला. ११०३ म्हणजे शेअरचं नाव किंवा परवानगी. ११०५ म्हणजे मशीनमध्येच एसएमबी, म्हणजे शेअर फोल्डरमध्ये फाइल पाठवायची पद्धत, बंद आहे. सगळं बरोबर असून ११०२ येत असेल तर मशीनची तारीख, वेळ आणि टाइम झोन +५:३० आहे ना ते पाहा. वेळ फार मागेपुढे असली तरी विंडोज ओळख नाकारतं.

काही जण यावर उपाय म्हणून विंडोजमध्ये जुनं एसएमबी १ चालू करून देतात. ते करू देऊ नका. त्यातल्या त्रुटी जगजाहीर आहेत आणि व्हायरसला ते उघडं दार आहे. आधी मशीनचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत एसएमबी साइनिंग (पाठवलेल्या माहितीवर डिजिटल सही) सक्तीचं झालं आहे, त्यामुळे अपडेटनंतर नीट चाललेलं स्कॅन अचानक थांबलं तर संशय आधी तिथे घ्या. जीमेलवरून स्कॅन पाठवायचं असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, पोर्ट ५८७. साध्या कागदाला २०० डीपीआय काळं-पांढरं पुरतं. रंगीत ३०० डीपीआयवर जाडजूड फाइल घेतली तर जीमेलची २५ एमबीची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

फीडर पाठपोट स्कॅन करताना कागद आतल्या आत उलटवतो. जुने, ठिसूळ दस्त आणि खासरापत्रकं (जमिनीच्या जुन्या नोंदी) त्यात घालू नयेत, काचेवरच ठेवावीत. फीडरमधून काढलेल्या प्रतींवर सरळ काळी रेघ आली तर मोठ्या काचेशेजारची अरुंद पट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसा. तिथे चिकटलेला धुळीचा एक कण एवढी रेघ ओढतो.

मशीनसाठी १० ते ३२.५ अंश तापमान सांगितलेलं आहे. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ते टिकणार नाही, म्हणून जागा निवडताना गार कोपरा बघा, खिडकीजवळ ठेवू नका. पावसाळ्यात रिमचं पुडकं उघडं टाकलं की कागद ओल धरतो, वळतो आणि अडकतो. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर हे मशीन लावू नका. टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा फ्यूजर तापताना मोठा करंट ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन कॉम्प्युटरही बंद पाडतो. भिंतीतला वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि व्होल्टेज खालीवर होत असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर द्या.

ए३ लागत असेल तर हे मशीन तुमचं नाही. लातूरच्या क्लासेससारख्या एकाच प्रश्नपत्रिकेच्या हजारो प्रती रोज काढायच्या असतील तर तिथेही हे घेऊ नका. रोज ३,००० पानं काढली तर ड्रमची १ लाख पानं ३३-३४ दिवसांतच संपतात. त्या कामाला डिजिटल डुप्लिकेटरच (स्टेन्सिलवरून भराभर प्रती काढणारं मशीन) घ्यावा. बाकीच्यांनी पैसे देण्याआधी इंजिनिअरसमोर राउटर बंद करून चालू करावा, मशीन बंद करून चालू करावं, आणि मग प्रत्येक कॉम्प्युटरवरून एक प्रिंट आणि एक स्कॅन काढून बघावं.