५० हजारात गेमिंग पीसी: आत्ताच ग्राफिक्स कार्ड, की एपीयू घेऊन "कार्ड नंतर बघू"?

बजेट ५० हजार, मॉनिटर-कीबोर्ड घरात आहे, आणि घरी "कॉलेजच्या कामाला लागतोय" असं सांगून झालंय, अशांसाठी हे लिहितोय. या बजेटमध्ये प्रोसेसर एएमडीचा रायझन की इंटेलचा हा प्रश्न दुय्यम आहे, लोक त्यावर रात्रभर भांडतात आणि शेवटी दोन्हीकडे सेकंदाला फ्रेम्स, म्हणजे एफपीएस, जवळपास सारख्याच येतात. खरा निर्णय वेगळाच आहे. एक रस्ता म्हणजे प्रोसेसर मधला घ्यायचा आणि आत्ताच वेगळं कार्ड टाकायचं. दुसरा म्हणजे ज्या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे तो, म्हणजे एपीयू घ्यायचा, तूर्त त्यावर भागवायचं आणि कार्ड पैसे आले की. तिसरा जुना माल, त्यावर खाली येतोच.

पहिल्या रस्त्याची जोडी आता बऱ्यापैकी ठरून गेलीये. रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५ १२४००एफ, आणि सोबत ८ जीबीचं आरएक्स ६६०० हे एएमडीचं कार्ड. दोन्ही प्रोसेसर २०२२ चे, दोन्ही ६ कोअर १२ थ्रेड (कोअर म्हणजे आतले कामगार, थ्रेड म्हणजे ते एकाच वेळी उचलतात ती कामं), दोघांसोबत डब्यात कूलर येतो आणि दोघांनाही स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, म्हणजे कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार, हे आधी लक्षात घ्या. यातला कुठला, तर ज्या दिवशी विकत घ्याल त्या दिवशी प्रोसेसर अधिक मदरबोर्ड मिळून जो स्वस्त पडेल तो. एवढंच. इंटेलकडे जाताना बोर्ड डीडीआर४ रॅमचा आहे की नव्या डीडीआर५ चा हे मात्र विचारा, १२४००एफ दोन्हीवर चालतो आणि दुकानदार जो पडून आहे तो गळ्यात मारतो.

आय३ १२१००एफ घेऊन पैसे वाचवू का असं बरेच जण विचारतात. नुसते व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) असे हलके गेम खेळणार असाल तर घ्या, पण ४ कोअरवर मागे डिस्कॉर्ड, ब्राउझरचे पंधरा टॅब आणि वर नवीन मोठा गेम असं सगळं चालू ठेवलं की मध्येच झटके बसायला लागतात, सरासरी एफपीएस चांगला दिसतो पण खेळताना चिडचिड होते.

आता एपीयू. रायझन ५ ५६००जी घ्या, डीडीआर४ वर चालतो, किंवा थोडे जास्त टाकून नव्या एएम५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्डावर ८६००जी. व्हॅलोरंट लो सेटिंगला आरामात १०० च्या वर जातं, जीटीए ५ सेटिंग खाली आणून नीट खेळता येतो, सायबरपंकसारखं काही लावलंत तर ५६००जी वर ७२०पी रिझोल्यूशनला उतरायचं आणि ३० च्या आसपास समाधान मानायचं. असं का होतं ते बघा. एपीयूला स्वतःची मेमरी नसते, तो तुमच्या रॅममधूनच खातो. डीडीआर४ ३२०० च्या दोन स्टिक लावल्या तर मिळतात सेकंदाला ५१.२ जीबी, एकच लावली तर निम्मे, आणि आरएक्स ६६०० कडे स्वतःची २२४ जीबी. चौपटीहून जास्त फरक आहे, ड्रायव्हर बदलून किंवा यूट्यूबवरचे "एफपीएस बूस्ट" व्हिडिओ बघून तो भरून निघत नाही. म्हणून एपीयूवर १६ जीबीची एक स्टिक घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, ८-८ च्या दोनच घ्या. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, शेजारी-शेजारी नाही.

एपीयूवाल्यांचा मोठा मुद्दा असतो की आत्ता भागवतो आणि वर्षभराने कार्ड टाकलं की झालाच गेमिंग पीसी. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. ५६००जी आणि ८६००जी दोघांनाही एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबीच आहे, त्यांच्याच भावंडांना, म्हणजे ५६०० आणि ७६०० ला, ३२ एमबी. गेममध्ये कॅशचा फरक चांगला जाणवतो, म्हणजे उद्या कार्ड टाकलंत तरी प्रोसेसर एक पायरी खालचाच राहणार. ८५००जी तर कार्डाला फक्त ४ लेन (डेटाचे रस्ते) देतो, त्याला "नंतर कार्ड" या हिशोबात धरूच नका. आणि खरं सांगू का, ते "नंतर" येईपर्यंत बाईकचा हप्ता येतो, फोन फुटतो, बहिणीचं लग्न निघतं.

एएम५ च्या बाजूने बोलायचं तर एएमडीने तो सॉकेट किमान २०२७ पर्यंत चालवायचं जाहीर केलंय, तेव्हा पुढे फक्त प्रोसेसर बदलता येईल, हे खरंच मोठं सुख आहे. पण तिथे डीडीआर५ शिवाय चालत नाही आणि २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव जे पेटलेत ते बघता ५० हजारात एएम५ अधिक बरं कार्ड बसवणं म्हणजे कसरत आहे. डीडीआर४ पण महागलीच म्हणा. घरात जुन्या डीडीआर४ च्या दोन स्टिक पडून असतील तर विषयच संपला, ५६०० घ्या.

तर माझं मत सरळ आहे. मोठे सिंगल प्लेअर गेम खेळायचेत तर पहिला रस्ता, एकूण पैशातले २० हजारांच्या आसपास कार्डासाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात बाकीचं बसवा. फक्त व्हॅलोरंट, कोडिंग, थोडं फोटोशॉप आणि खिशात ३५ च्या वर दमडी नाही, तर ५६००जी, आणि मग कार्डाचं नावही काढू नका.

कार्डात एक नावाचा घोळ आहे तो सांभाळा. एनव्हिडियाची आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत, ८ जीबीचं आणि ६ जीबीचं. ६ जीबीवाल्यात मेमरी तर कमी आहेच, पण कोअर २५६० वरून २३०४ वर आणि मेमरीची बस (डेटाच्या रस्त्याची रुंदी) १२८ बिटवरून ९६ बिटवर आलीये. कोटेशनवर नुसतं "३०५०" लिहिलेलं असतं. ६ जीबीवाल्याचा एकच खरा फायदा, ते ७० वॅटमध्ये चालतं, वेगळी पॉवर वायर बहुतेक लागत नाही, तेव्हा घरातल्या जुन्या ब्रँडेड ऑफिस पीसीत टाकायचं असेल तर उत्तम. नवीन असेंबल करताना मात्र साध्या गेमिंगला आरएक्स ६६०० त्याच्या बरंच पुढे आहे. ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंगही करायचं असेल तर एनव्हिडियाकडे झुकावं लागतं, मग ८ जीबीचं आरटीएक्स ५०५० ताणून बसतंय का बघा. ६६०० जुन्या पिढीचं आहे, एफएसआर ४ (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम्स वाढवणारं एएमडीचं तंत्र) आलं ते अधिकृतपणे ९००० सिरीजसाठी, आणि रे ट्रेसिंगचं (खऱ्यासारखा प्रकाश-सावली) तर नाव घेऊ नका. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं म्हणून मोह होतो, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची अख्खी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड हवा आणि स्वस्त प्रोसेसरवर ते पूर्ण ताकदीने पळत नाही.

एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, बोललंच पाहिजे कारण सगळे तिथेच हात आखडता घेतात. दुकानात कॅबिनेटसोबत "फुकट" मिळणाऱ्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. तो हातात घ्या, बाजूचं स्टिकर बघा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १८ असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट, बाकीचे वॅट कागदावर. आरएक्स ६६०० एकटं १३२ घेतं, प्रोसेसर लोडवर ८०-९० पर्यंत जातो, झाला खेळ खल्लास. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो याचा दाखला) ५५० वॅट, नावाजलेल्या कंपनीचा, यात तडजोड नाही. त्या पैशात आरजीबी फॅन येतात हे मला माहितीये. पुढून काच लावलेलं कॅबिनेटही नको, नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला त्याची भट्टी होते, पुढे जाळी असलेलं साधं घ्या.

जुन्या मालात दोन सापळे आहेत. एक, "आय७ गेमिंग पीसी फक्त १८ हजार" अशी जाहिरात, त्यात निघतो चौथ्या पिढीचा आय७ म्हणजे २०१३ चा आणि सोबत जीटी ७३०, जे गेमिंग कार्ड कधी नव्हतंच. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. दुसरा, आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८एसपी, म्हणजे २०४८ शेडरचं (कार्डाचे छोटे कोअर) कमी ताकदीचं कार्ड, खऱ्या ५८० ला २३०४ शेडर असतात. विक्रेत्यासमोरच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून आकडा बघा आणि अर्धा तास गेम चालवून दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर उठून या. वापरलेलं आरएक्स ६६०० बिलासकट, वॉरंटी शिल्लक असताना मिळालं तर मात्र बिनधास्त घ्या.

मुंबईच्या जवळ असाल तर ऑनलाइन भाव काढून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत आहे. चार दुकानांत पूर्ण कोटेशन घ्या, एकेका पार्टवर घासाघीस करण्यापेक्षा अख्ख्या सेटवर भाव जास्त तुटतो. विचारायचं ते १८ टक्के जीएसटी धरून, नाहीतर काउंटरवर आकडा फुगतो. बिल पक्कं, त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर.

इतकं करून चार-पाच हजार कमी पडलेच तर एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची करा, कार्ड खाली आणू नका. दोन-तीन मोठे गेम बसतील, बाकीचे काढत-टाकत राहा. फक्त बोर्ड घेताना एम.२ चे स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसते ती जागा) किती ते मोजा, स्वस्तातल्या ए५२० (रायझनचे) आणि एच६१० (इंटेलचे) बोर्डांवर बऱ्याचदा एकच असतो, मग पुढची एसएसडी साटाची (वायरने जोडायची, जरा हळू) घ्यावी लागते, गेम ठेवायला तीही चालते.